धुऱ्यावरच्या फुलांचं बी कसं धरायचं: एका टपालवाल्याची रीत

मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात टपाल वाटतो. सायकलवर तीन गावं आणि एक बेडा (वस्ती), जाऊन-येऊन चौदा किलोमीटर. अर्धी वाट डांबरी, अर्धी पांदण, म्हणजे शेतात जायची कच्ची वाट. रानफुलांचा नाद मला या पांदणीनं लावला. एकाच झाडाजवळून वर्षातले पावणेतीनशे दिवस जाणारा माणूस गावात दोनच, एक गायकी, म्हणजे गुरं राखणारा, आणि दुसरा मी.

हल्ली शहरातली ओळखीची माणसं विचारतात, आमच्या बंगल्यापुढं रानफुलं लावायची आहेत, बी कुठं मिळतं? नर्सरीत झेंडू मिळतो, सदाफुली मिळते. कळलावी, घागरी, कुर्डू, विष्णुक्रांता यांच्या पुड्या तिथं कोणी विकत नाही. यांचं बी ज्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, फूल दिसलं त्याच धुऱ्यावर मिळतं, फक्त तीन महिन्यांनी. आणि सगळी गोम त्या तीन महिन्यांत आहे. श्रावणात लांबून ओळखू येणारं झाड मार्गशीर्षात वाळकी काडी होतं. शेजारी तशाच पन्नास काड्या उभ्या असतात.

पहिल्या वर्षी मी डिसेंबरात एक पूर्ण रविवार फिरलो आणि मूठभर गवताचं कुसळ घेऊन घरी आलो. पांदणीत गायकीबुवा भेटले. ते म्हणाले, "फूल दिसलं का मंग येता तुमी लोकं. बी धरते तेव्हा पत्त्या नसते तुमचा." मी म्हणालो, मग तुम्हीच दाखवा. बुवांनी काठीनं एक वाळकं झुडूप हलवलं. खुळखुळ आवाज आला. "हे घ्या तुमची घागरी. कानानं पाहा लागते."

तेव्हापासून मी खुणा करून ठेवतो.

खूण

लाल दोरा बांधू नका, पोरं तो सोडून पतंगाला लावतात. चमकीची पट्टी बांधली तर माकडं ओढतात. मी जुनी मळकट सुतळी वीतभर कापून झाडाच्या बुडाशी, जमिनीपासून चार बोटांवर सैल बांधतो. वर बांधलेली सुतळी बकरीच्या तोंडात जाते. वर्षायू झाड वाळून मोडलं तरी बूड जागेवर राहतं. सुतळीवर फार भरवसा नको म्हणून वहीत पावलं लिहितो. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: "कळलावी. नाल्याच्या रपट्यापासून आर्वीकडे तोंड करून, उजवा धुरा, तिसऱ्या बाभळीच्या पुढं अकरा पावलं, बोरीवर चढलेली. ९ ऑगस्टला पहिलं फूल." मोबाइलमध्ये जागेचा नकाशा साठवता येतो, मीही साठवतो, पण अकरा पावलांचं काम त्याच्यानं होत नाही. तो धुऱ्याच्या या बाजूला दाखवतो की त्या, हे कळत नाही.

फुलाचा फोटो घ्याच, पण पानाचा, खोडाचा आणि शेजारच्या झाडाचाही घ्या. नाव माहीत नसेल तर तो फोटो आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या वेबसाइटवर टाकला की जाणकार सांगतात. त्याआधी निंदणाला (खुरपणीला) येणाऱ्या बायांना विचारा. त्यांना हे झाड फुलावर यायच्या आधीचं, दोन पानांचं असतानाचं ठाऊक असतं. पुढं बी उगवल्यावर हीच ओळख लागते. माझ्या आत्याबाईंनी माझ्या कुंडीतलं रोप बघून सांगितलं, "अरे हे कळलावी नोहे, केना होय." पंधरा दिवस मी केन्याला, म्हणजे तणाला, पाणी घालत होतो.

कुठं बघायचं

जिथं नांगर, वखर आणि तणनाशक पोचत नाही तिथं. आमच्या काळ्या जमिनीत वावराच्या आत फुलं शोधण्यात अर्थ नाही. पऱ्हाटी (कापूस) आणि सोयाबीनमध्ये डवरणी, म्हणजे कोळपणी, होते, वरून फवारणी. तिथं टिकलीच तर रानभेंडी टिकते. पांढरट फुलाची, देठाशी गर्द डोळा असलेली, अंगावर खाजरी लव. तिचं बोंड हातमोजा घालूनच तोडा.

धुरा ही पहिली जागा. त्यातही जुना, रुंद, बोरी-बाभळीचा धुरा. आता ट्रॅक्टरवाले धुरे बारीक करत चाललेत. दुसरी जागा पांदण. तिसरी नाल्याचा काठ, तेरडा आणि तालिमखान्यासाठी. चौथी बरड, मुरमाड ई-क्लासची, म्हणजे गावची सरकारी पडीक, जमीन. तिथं पावसाळ्यात खाली वाकून बघितलं तर विष्णुक्रांतेची शर्टाच्या बटणापेक्षाही लहान निळी फुलं दिसतात. सकाळी फुलतात, दुपारी मिटतात. माझी टपालाची वेळ सकाळची, म्हणून मला दिसली. जांभळट फुलाची उन्हाळी, म्हणजे शरपुंखा, तिथंच असते आणि गुरं तिला फारसं तोंड लावत नाहीत.

पाचवी जागा सांगतो ती आमच्या भागाची खास. पुलगाव–आर्वी नॅरोगेज, आमची शकुंतला. गाडी बंद होऊन बरीच वर्षं झाली. रुळाच्या दोन्ही अंगांना पट्टा तसाच पडून आहे, कोणी नांगरला नाही, कोणी फवारला नाही. जिथं पांदण या रुळाला ओलांडते तिथं उभं राहून मी एका सप्टेंबरात नऊ जातींची फुलं मोजली. शेजारच्या वावरात दोन होती. सहावी जागा स्मशान. तिथं मी दिवसाच जातो आणि बायकोला सांगत नाही.

रानफुलं म्हटलं की लोकांना साताऱ्याचं कास पठार आठवतं. ते २०१२ साली जागतिक वारशात गेलं, तिथल्या फुलांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. आपल्याकडे तसा फुलांचा गालिचा नसतो. इथं फूल एकेकटं, काट्यात, कडेला असतं. कासच्या फुलांचं बी आणून विदर्भात लावायचा खटाटोपही करू नका. तिथला जांभा, तिथलं धुकं इथं कुठून आणणार?

कुठून घ्यायचं नाही तेही सांगून टाकतो. बोर व्याघ्र प्रकल्प, ताडोबा, मेळघाट, कुठलंही अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असो, तिथून शेंगसुद्धा उचलायची नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते बसत नाही. आपल्या पूर्वेकडच्या जिल्ह्यांतलं झुडपी जंगल लोकांना पडीक वाटतं, पण मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती वनजमीन असल्याचा निकाल दिला. तिथंही विचारल्याशिवाय हात लावू नका. गावाच्या जमिनीवर ग्रामपंचायतीला सांगा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिच्याकडे गावच्या झाडाझुडपांची नोंदवही. ती वही मागून बघा. निघाली तर त्यात गावातलं नाव मिळतं, आणि समितीतलं एखादं म्हातारं माणूस मिळतं जे वहीपेक्षा कामाचं असतं. दुसऱ्याच्या धुऱ्यावरचं बी घेताना मालकाला विचारा. माझं हे सोपं जातं, टपाल देता देता विचारतो. बहुतेक जण हसतात. एक काकू म्हणाल्या, "टपालवाला आता कचराबी वेचते काय रे बाप्पा? ने ने, समदाच ने."

समदा न्यायचा नाही. माझा हिशेब असा: दहा बोंडं असली तर एक घ्यायचं, आणि ते एकाच झाडावरून न घेता पाच-सहा झाडांवरून थोडं थोडं. एकटंच झाड असलं तर त्या वर्षी नुसतं बघायचं.

कळलावी

हिच्यावर मी जास्त लिहिणार, कारण हिनंच मला जास्त रडवलं.

मृगाच्या पावसानं कांद्यातून कोंब येतो. पानाचं टोक दोऱ्यासारखं वळलेलं असतं, त्यानंच ती बोरीला धरून वर चढते. फुलाच्या पाकळ्या उलट्या, वरच्या बाजूला वळलेल्या. आधी हिरव्या, मग पिवळ्या, मग टोकाकडून लाल होत जातात. दोन-तीन दिवस रोज बघितलं तर हे रंग बदलताना दिसतात. कुणी हिला खड्यानाग म्हणतं. आमच्याकडे बाया सांगतात की घरात कळलावी लावली तर भांडणं लागतात. बायकोनं मला कुंडी अंगणात ठेवू दिली नाही, ती गोठ्यामागं आहे. भांडण तेवढ्यावरूनच झालं.

सांगायची गोष्ट म्हणजे, ही अख्खी वेल विषारी आहे आणि कांदा सगळ्यात जास्त. कोल्चिसिन नावाचं द्रव्य असतं तिच्यात. कांदा रताळ्यासारखा दिसतो, म्हणून लहान पोरं आणि गुरं यांच्यापासून लांब ठेवा, हात लावल्यावर साबणानं धुवा. औषधासाठी लोक कांदा खणून नेतात आणि धुऱ्यावरची वेल कायमची संपते. म्हणून कांदा मागूच नका, बी घ्या.

बोंड कार्तिकाच्या सुमारास फिकट पडतं. हिरवं असताना तोडलं तर बी पांढरं, कच्चं निघतं. मी एकदा घाई केली, सगळं वाया. बोंडाला शिवणीवर चीर दिसली आणि आतून लाल-केशरी डोकावलं की त्याच दिवशी तोडायचं. चार दिवस थांबलात तर बोंड उकलतं आणि बी खाली सांडतं. इथं रोजच्या फेरीचा फायदा होतो. रोज जाणं जमत नसेल तर चिरायच्या बेतातल्या बोंडावर जुन्या मच्छरदाणीच्या तुकड्याची पिशवी सैल बांधा. प्लास्टिक बांधू नका, आत घाम येतो.

बी सावलीत वाळवून मी जूनपर्यंत ठेवतो. मग रात्रभर पाण्यात घालून, वरची लाल साल चोळून काढून, मुरूम, पोयट्याची माती आणि शेणखत सारख्या भागानं घेऊन त्यात बोटाच्या एका पेराएवढं खोल लावतो. उगवायला महिना, कधी दोन महिने लागतात. कुंडी फेकू नका. पहिल्या वर्षी एक बारीकसं पान येतं आणि हिवाळ्यात तेही वाळतं. मेलं असं वाटतं, पण खाली वाटाण्याएवढा कांदा तयार झालेला असतो. उन्हाळाभर पाणी द्यायचं नाही. माझी तिसऱ्या पावसाळ्यात फुलली.

वहीतली ती बोरीवरची कळलावी मात्र गेली. दुसऱ्या वर्षी ऑगस्टात गेलो तर बोरीसकट सगळा धुरा पिवळा पडलेला. मालकानं धुऱ्यावरही तणनाशक मारलं होतं. बुडाशी माझी सुतळी होती. त्यांना काय म्हणणार? मजूर मिळत नाही, धुरा कापायला माणूस कुठून आणायचा, हे त्यांचं म्हणणंही खोटं नाही. आता दर वर्षी मी प्रत्येक जातीचं बी दोन ठिकाणांहून घेतो.

फुटणारी, खुळखुळणारी आणि झडणारी

तेरडा सगळ्यांना माहीत आहे, महालक्ष्म्यांना लागतो. रानातला तेरडा गुलाबी-जांभळा, नाल्याच्या ओल्या काठावर. त्याची पिकलेली शेंग बोट लागताच फटकन फुटते आणि बी चारी दिशांना उडतं. म्हणून शेंगेला चिमटीत धरायचं नाही. अख्खी मूठ शेंगेभोवती मिटायची आणि मग आतल्या आत दाबायची. बी तळहातावर राहतं. पोरांना हे काम द्या, बी गोळा होतं आणि पोरंही खूश. आमच्या शाळेतल्या चौथीच्या पोरींनी एका दुपारी खोबरेल तेलाची डबी भरून दिली.

घागरी किंवा खुळखुळा म्हणजे पिवळ्या फुलाची, वाटाण्याच्या कुळातली. हिच्या काही जाती निळसरही फुलतात. शेंग फुगीर, हवा भरलेली. वाळली की बी आत सुटं होतं आणि वाऱ्यावर वाजतं. वाजली की तोडायची. शेंगा सुपात चोळून पाखडल्या की काम झालं. फक्त भोक पडलेलं बी वेचून टाका, आत अळी असते, ती डबीत गेली तर सगळ्यांचा चट्टामट्टा करते. घागरी गुरांना बाधते, तेव्हा गोठ्याजवळ पेरू नका. फुलपाखरांसाठी लावायची असेल तर हिच्याइतकं चांगलं झाड नाही. रुईवर वाढणारी ती केशरी-काळी फुलपाखरं वाळक्या घागरीवर झुंबड करतात. रुईचंही बी घ्याच. तिची म्हातारी उडायच्या आधी, शेंगेला नुसती चीर पडली असताना, रेशीम घट्ट धरून ओढलं तर सगळं बी एका हिसक्यात सुटतं.

कुर्डू सोपा. पांढऱ्या-गुलाबी तुऱ्याखाली कागद धरून टिचकी मारली की काळं, चमकदार, मोहरीपेक्षा बारीक बी झडतं. एका तुऱ्यात इतकं असतं की दोन तुऱ्यांत तुमचं अंगण होईल. कोवळ्या पानांची भाजी होते. पण शेतकऱ्याला कुर्डू म्हणजे तण, तेव्हा शेजाऱ्याच्या वावराच्या कडेला भिरकावू नका, शिव्या खाल.

केन्याचं बी मी मुद्दाम धरत नाही. निळं फूल सुंदर आहे, पण या पठ्ठ्याला वर फूल येतं तसंच जमिनीखालीही येतं, न उमलणारं, आणि त्यातही बी धरतं. एकदा आला की जात नाही. निंदणाऱ्या बायांना विचारा.

तालिमखान्यासाठी पाणी साचणारा खड्डा लागतो. जांभळी फुलं, प्रत्येक पेरावर सहा लांब काटे. हिवाळ्यात बी पिकतं. ओलं झालं की बी बुळबुळीत होऊन बोटाला चिकटतं, म्हणून सकाळच्या दवात जाऊ नका, दुपारी जा. हे एक बी मात्र विकत मिळतं, काष्ठौषधीच्या दुकानात. तरोट्याचंही मिळतं. मुरडशेंग तर बाळघुटीसाठी कुठल्याही गावच्या दुकानात असते. पण दुकानातलं बी कधीचं आणि कुठलं हे दुकानदारालाही माहीत नसतं. मी दुकानातल्या मुरडशेंगेचं बी लावून बघितलं, एकही उगवलं नाही.

डोंगराकडची

मेळघाटात धारणीकडे मामा राहतात. त्यांच्या शेताच्या वरच्या उतारावर गणेर, धायटी आणि मुरडशेंग तिन्ही आहेत. गणेर फेब्रुवारी-मार्चमध्ये एकही पान नसताना मोठाल्या पिवळ्या फुलांनी भरतो. तेव्हाच हेरून ठेवायचा. एप्रिल-मेमध्ये त्याचं बोंड उकलतं, आत रेशमी कापूस आणि त्यात वाटोळं वळलेलं बी. धायटीची लाल नळीसारखी फुलं लोक वाळवून विकतात, आसवं-अरिष्टं आंबवायला लागतात ती. बी इतकं बारीक की हातात धूळ वाटते. मुरडशेंगेचं फूल आधी लाल असतं आणि मग राखी-निळसर होत जातं. शेंग दोरखंडासारखी पिळलेली. काळी पडून वाळली की तोडायची. मामांच्या सातबाऱ्यातलं आहे म्हणून मी घेतो. त्यापलीकडं पाच मिनिटांवर वनखात्याची हद्द लागते, तिथं थांबतो.

पळसाचं बी सगळ्यांत नाठाळ. ती चपटी पळसपापडी मे-जूनमध्ये झाडाखाली पडते. एका पापडीत टोकाला एकच बी. जपून ठेवायच्या भानगडीत पडलात तर वर्षभरात मरतं. पडलं की पेरायचं, रोपालाही पिशवीत कोंडू नका, त्याचं मूळ फार खोल जातं. थेट जागेवर. मग त्याला पानं तीनच येतात, ते आपण सगळे जाणतोच.

माझी बहीण साकोलीला दिली आहे. तिकडं भंडारा-गोंदियाकडं मालगुजारी तलाव आणि बोड्या (लहान तळी), त्यांत कुमुदिनी. तिचं फळ पाण्याखाली पिकतं आणि फुटून बी तरंगतं. त्याआधी फळाला जाळीची पिशवी बांधावी लागते. माझा भाचा छातीभर पाण्यात उतरून बांधतो, मला पोहता येत नाही. हे बी वाळवायचं नाही, बाटलीत पाण्यातच ठेवून नेऊन लगेच गाळात दाबायचं. बाकीचं तिथलं मला फारसं कळत नाही.

आपली न समजावी अशी

हे लिहिताना मला लाज वाटते, पण लिहितो. पाच वर्षांपूर्वी मी फोनवरून "रानफुलांचं मिश्रण" अशी एक पुडी मागवली. माझ्याच टपालातून ती आली. शाळेच्या कुंपणालगत पेरली. दोन महिन्यांत केशरी फुलं कमरेएवढी. मास्तर खूश, पोरं खूश. मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले. ते कॉसमॉस होतं, मूळ मेक्सिकोकडचं. दुसऱ्या वर्षी ते कुंपणाबाहेर, तिसऱ्या वर्षी पांदणीत, आणि जिथं माझी विष्णुक्रांता होती तिथं त्याची दाट सावली. आता मी दर सप्टेंबरात, बी धरायच्या आत, ते उपटत फिरतो. दर वर्षी थोडं कमी निघतं, पण निघतं.

तेव्हा पुडीवर जातींची नावं नसतील तर घेऊच नका. आणि ही काही नावं लक्षात ठेवा, आपली वाटतात पण बाहेरची आहेत: गाजरगवत, घाणेरी, बेशरम, पिवळा धोतरा, दीपमाळ आणि ती उग्र वासाची रानतुळस. जखमेला लावतो तो दगडीपालासुद्धा मध्य अमेरिकेतला आहे. आमच्या आत्याबाईंना हे पटत नाही. पिवळ्या धोतऱ्याचं बी मोहरीसारखं दिसतं, ते तर घरातही आणू नका, खाण्यात मिसळलं तर माणसाच्या अंगाला सूज येऊन जीव जातो.

वाळवणं, ठेवणं, जागं करणं

पहिल्या वर्षी मी बी प्लास्टिकच्या पन्नीत ठेवलं. दिवाळीत उघडलं तर पांढरी बुरशी आणि कुजका वास. आता घरी आल्या आल्या सगळं वर्तमानपत्रावर पसरतो, सावलीत, वारा लागेल असं. चार-पाच दिवस, अवकाळी आला तर आठ. कडक उन्हात टाकत नाही. मग सुपात पाखडून कागदी पाकिटात, आणि पाकिटं काचेच्या बरणीत. बरणीच्या तळाशी चुलीतल्या कोळशाचे वाळके खडे किंवा भाजून थंड केलेले तांदूळ, ओल ओढायला. पाकिटावर चार गोष्टी: नाव, जागा, तारीख, जमीन कशी होती. चौथी लोक विसरतात. मुरमातलं बी काळ्या, घट्ट चोपण जमिनीत टाकून मग "उगवलं नाही" म्हणतात.

मे महिन्यात प्रत्येक पाकिटातलं दहा बी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतो. पाच मोडले तर ठीक, दोनच मोडले तर दुप्पट पेरायचं. आपण सोयाबीनची उगवण घरी तपासतो तसंच.

घागरी, उन्हाळी, तरोटा, बाहावा यांची साल टणक असते, त्यांना जागं करावं लागतं. पाणी उकळून खाली उतरवा, दोन मिनिटं थांबा, मग बी त्यात टाका आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी जे फुगलेलं दिसेल ते पेरा, उरलेल्यावर पुन्हा तोच प्रयोग. बाहाव्याला मी नेलकटरनं एका कडेला चिमटा घेतो. डोळ्याच्या विरुद्ध बाजूला, नाहीतर कोंबच कापला जातो. रानात हे काम अस्वलं आणि माकडं शेंग खाऊन करतात.

पेरणी मृगाच्या पहिल्या दमदार पावसानंतर. जून उजाडला म्हणून कोरड्यात टाकू नका, मुंग्या नेतात. आमच्याकडे लाल मुंग्यांनी एका रात्रीत माझा पूर्ण कुर्डू वाहून नेला. बारीक बी पाचपट चाळलेल्या मातीत मिसळून फेकायचं आणि वरून माती न लोटता नुसतं पायानं दाबायचं. मोठं बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल. खत नको, खतानं गवत माजतं. बकऱ्यांसाठी बोरीच्या काट्या आडव्या टाका. आणि पहिल्या वर्षी उगवलेलं सगळं उपटू नका. तण कोणतं आणि फूल कोणतं हे ऑगस्टपर्यंत कळत नाही. मी तर एकदा केन्यालाच पाणी घातलं, ते वर लिहिलंच आहे.

टपालानं पाठवताना

कुणाला बी पाठवायचं तर साध्या पाकिटानं जातं, पण यात लोक नेमकी चूक करतात ती मी रोज बघतो. बी पाकिटात सुटं टाकतात. ते घरंगळत वरच्या उजव्या कोपऱ्यात, तिकिटाखाली जमतं, आणि आम्ही शिक्का मारतो तो तिथंच. बाहावा असला तर शिक्का उलटून हातावर येतो, कुर्डू असला तर पीठ होतं. बी आधी कागदाच्या छोट्या पुडीत बांधा, पुडी दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवा, आणि पुठ्ठा आतून चिकटवा पाकिटाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात. वर पेनानं लिहा, "आत बी आहे". माझ्या हातात आलं तर मी हळू मारीन.